दुसऱ्याचे आमेन

मुलांनो, आज आधी एक खुर्ची डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर बसायची घाई करू नका, कारण तिला बसायला जागाच नाही. चार पाय आहेत, पाठ आहे आणि मध्ये नुसती रिकामी चौकट. चौकटीला कडेकडेने बारीक भोके. आता तुम्ही तिच्यासमोर स्टुलावर बसला आहात आणि तुमच्या हातात पाण्यात भिजवून मऊ केलेली वेताची लांब पट्टी आहे, असे समजा. पट्टीचे टोक एका भोकातून खाली सोडा. सोडलेत? आता ते चौकटीच्या कडेखाली दिसेनासे झाले. खाली, खुर्चीच्या पोटाशी, आणखी कुणीतरी बसले आहे. ते टोक धरते, ताणून घेते आणि शेजारच्या भोकातून परत वर पाठवते. तोवर तुम्ही थांबायचे. वाकून बघायचे नाही. जरा वेळाने टोक वर येते, ओले आणि थरथरणारे, बिळातून कुणी हळूच नाक बाहेर काढावे तसे. मग तुम्ही ते धरायचे.

एकट्याने खुर्ची विणता येत नाही असे मुळीच नाही. जगात बहुतेक लोक एकट्यानेच विणतात. वरचा हात आपला आणि खालचाही आपलाच. पण या घरात दोघांनी विणायची पद्धत होती, ती आजोबांच्या वडिलांपासूनची. आणि त्या पद्धतीवरूनच आजीने, नवी सून म्हणून आल्या आल्या, घरात आणखी एक रीत पाडली होती. आपल्या प्रार्थनेला आपण आमेन म्हणायचे नाही. ते दुसऱ्याने म्हणायचे.

"आमेन म्हणजे असंच होवो," आजी सांगायची. "ज्यानं मागितलं त्याला तर वाटतंच हो तसं. त्यात कसलं आलंय कौतुक? शेजाऱ्याला वाटलं पाहिजे."

आजी गेली आणि घरातली आमेनची घडी विस्कटली. आजोबांनी प्रार्थना करणेच सोडून दिले. त्यांना ऐकू येत नसे. कानाला लावायचे यंत्र आणून दिले होते, पण त्यात जगाचे बोलणे कमी आणि सगळ्यांचे चघळणे जास्त ऐकू येते, म्हणून त्यांनी ते चहाच्या डब्यात ठेवून दिले. राहिल्या दोघी, आत्या आणि सुतळी.

सुतळी म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. आजोबांनी तिला पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा ते म्हणाले होते, "ही मुलगी आहे की सुतळी?" ते नाव तिला चिकटले ते चिकटलेच. तिची आई गेली तेव्हा ती नुकती धावायला शिकली होती. बाप मालवाहू बोटीच्या इंजिनात काम करणारा, वर्षातून एकदा उगवणारा. तेव्हापासून ती आत्याकडे होती. रोज झोपताना ती गुडघे टेकायची आणि दिवसभराचा हिशेब देवाला देऊन झाला की शेवटी एकच मागणे मागायची, "आणि प्रभू येशू, माझ्या बाबांना बोटीवरून कायमचं घरी आण."

"आमेन," आत्या म्हणायची.

मग मुलगी झोपली की आत्या कारखान्यात जायची. कारखाना म्हणजे रस्त्याकडची मोठी खोली. तिथे भिंतीला टांगलेले वेताचे जुडगे, पाण्याचे लांबट टब आणि दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या खुर्च्या. ती तिथल्याच एखाद्या खुर्चीवर कोपरे टेकून आपली प्रार्थना करी. करून झाली की गप्प राही, थोडा वेळ थांबे, जणू खालून टोक परत वर यायचे आहे. ते येत नसे. मग ती दिवा मालवून झोपायला जाई. सुतळीला शेजारी बसवून घेता आले असते, पण आत्याच्या मागण्यात जे असे ते त्या मुलीच्या कानावर घालण्यासारखे नव्हते.

तर असे चालले होते, आणि आजच्या रविवारी धाकटा आला. बोटीची नोकरी सोडून, बंदरातल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये पक्के काम धरून, आणि नवी बायको घेऊन. मुलीला न्यायला आला. संध्याकाळच्या बसची तीन तिकिटे त्याने येतानाच काढून ठेवली होती.

*

उपासना आटोपून सगळे घरी आले तेव्हा आत्या सूप ढवळत होती आणि मोठी वहिनी पावाचे तुकडे करत होती. तुकडे करायची तिची पद्धत अशी, की पावाने काहीतरी अपराध केला असावा.

"आता तू मोकळी होशील हो," वहिनी म्हणाली.

"मी बांधलेली कधी होते, वहिनी?"

"तसं नाही गं. पण मूल म्हटलं की डोक्याला ताप. शाळा, डबा, सर्दी, उवा."

"उवा तिला एकदाच झाल्या होत्या."

"तिला एकदा. मला दोनदा, तिच्यामुळेच." वहिनी हसली, मग सुरी बाजूला ठेवून जरा हळू आवाजात म्हणाली, "माझी दोघं शिकायला बाहेर गेली ना, तेव्हा मी महिनाभर टेबलावर चार ताटं मांडत होते. हे म्हणायचे, अगं कोण येणार आहे? होते गं सवय."

"कशाची?"

"दोन ताटांची."

आत्या सूप ढवळत राहिली. आपल्याकडेही दोनच ताटे उरतील, एवढा हिशेब तिने कधीच केला होता. पण वहिनीच्या दुसऱ्या ताटासमोर बोलणारा माणूस होता. नको इतका बोलणारा.

तो माणूस म्हणजे दादा, घरातला थोरला. त्याने पाळक व्हायचे ठरवले तेव्हा घरात केवढे महाभारत झाले होते. "खुर्च्या विणायच्या सोडून हा खुर्चीवर उभा राहून बोलणार," असे आजोबा म्हणाले होते. आज मात्र तेच आजोबा टेबलाच्या टोकाला बसून त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे नुसते पाहत होते.

आत्या सुपाचे भांडे घेऊन आली तेव्हा दादाच बोलत होता. "देवानं लेकराचं ऐकलं. मी तर पुढच्या रविवारी हेच सांगणार आहे चर्चमध्ये. पाच वर्षं एक मुलगी रोज एकच गोष्ट मागते, आणि एक दिवस दार वाजतं."

"माझं नाव घेऊ नका हं, काका," सुतळी म्हणाली. ती बापाच्या अगदी शेजारी बसली होती. त्याच्या शर्टाची बाही तिने दोन बोटांत धरून ठेवली होती, बाही पळून जाईल की काय अशी.

"का गं?"

"मुलं चिडवतील."

"देवाच्या कामात चिडवणं सोसावं लागतं."

"तुम्हाला कोण चिडवतं?"

"मी," वहिनी म्हणाली, आणि धाकटा मोठ्याने हसला. आत्याही हसली. हसता हसता तिला जाणवले की हे सगळे आवाज ती आत कुठेतरी साठवून ठेवते आहे, आणि मग तिला हसू पुरेना.

धाकट्याची नवी बायको कमी बोलणारी होती. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, त्यामुळे समोरच्याकडे बघून तो उत्तर देईपर्यंत थांबायची तिला सवय होती. तिने बशी पुढे घेत विचारले, "ताई, हिला झोपताना अंधार चालतो?"

"दार थोडं उघडं लागतं. एवढं." आत्याने हाताने दाखवले. "आणि पाण्याचा पेला उशाशी नको. सांडते."

"मला माहीत नव्हतं," धाकटा म्हणाला.

"तू बोटीवर होतास ना," आत्या म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, पण तो टोमण्यासारखाच टेबलावर जाऊन पडला.

नव्या बायकोने चमचा खाली ठेवला. "मला एक वाटतं. हिची परीक्षा होईपर्यंत ही इथंच राहू दे. आम्ही दर रविवारी येऊ. मग सुटीत नेऊ."

"अगं, खोली रंगवून ठेवली आहे," धाकटा म्हणाला. "पिवळी. तिनंच फोनवर सांगितला होता रंग."

"मग वाळू दे की," वहिनी म्हणाली. "ओला रंग लागतो कपड्यांना."

"तो विषय नाही," दादाने हात वर केला. चर्चमध्ये हा हात वर झाला की शेवटच्या बाकावरची बाळेसुद्धा गप्प होत. "मुलीची जागा बापाजवळ. इतकी वर्षं परिस्थिती होती म्हणून झालं. आता देवानं दार उघडलंय, तर उंबऱ्यावर रेंगाळायचं कशाला?"

"तुमची दोघं कुणाजवळ वाढली हो?" वहिनीने विचारले. "तुम्ही गावोगाव वचन सांगत फिरत होता तेव्हा? हवेवर वाढली का?"

"तू आता माझ्या बाजूनं आहेस की तिच्या?"

"मी सुपाच्या बाजूनं आहे. गार होतंय."

दादाने सुस्कारा सोडला. "आपण प्रार्थना करू."

"अडलं की प्रार्थना," वहिनी पुटपुटली, पण तिने डोके खाली केले. सगळ्यांनी केले. आजोबांनी सगळ्यांची डोकी खाली गेलेली पाहून आपलेही केले.

दादाची प्रार्थना नेहमीप्रमाणे लांब आणि सुंदर होती. त्याने आजीची आठवण काढली, बोटीची, वादळांची, नव्या घराची. शेवटी तो म्हणाला, "आणि या मुलीला तू आज तिच्या बापाच्या घरी नेत आहेस, हा तुझाच बेत आहे, आणि आम्ही सगळे त्यात आनंदी आहोत." मग तो थांबला. चर्चमध्ये तो स्वतःच आमेन म्हणत असे, लोक मागून म्हणत. पण या टेबलाशी तोही आजीचाच मुलगा होता. आणि इथली रीत अशी, की जिच्या हातचे जेवायचे तिने आमेन म्हणायचे.

आत्याने तोंड उघडले. ओठ जुळले, सुटले. एवढासा शब्द. इतकी वर्षे तो तिच्या तोंडून घसरत बाहेर पडायचा, टबातून ओला वेत निघावा तसा. आज तो वाळून आडवा झाला होता.

सगळे डोळे मिटून थांबले. भिंतीपलीकडे रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेले. वहिनीने एक डोळा किलकिला केला.

"आत्या, तुझी पाळी," सुतळी कुजबुजली.

"माहीत आहे."

"मग?"

"येत नाहीये, बाळा."

आता सगळ्यांनीच डोळे उघडले. आजोबांनी एकेकाकडे पाहिले आणि झाले वाटते म्हणून चमचा उचलला. कुणी खात नाही असे पाहून परत ठेवला.

सुतळीने बापाची बाही सोडली. तिच्या कपाळावर एक उभी रेघ आली. ती गणित सोडवताना यायची. "बाबा आले म्हणून येत नाहीये?"

आत्याने मान खाली घातली.

"पण तू रोज म्हणायचीस. मी मागायचे आणि तू म्हणायचीस. ते पण येत नव्हतं?"

इथे आत्याला खोटे बोलता आले असते. अगदी सोपे होते. दादा तिच्याकडे असे पाहत होता, की बोल काहीतरी, वेळ मारून ने. पण मुलगी तिच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहत होती. वेताचे टोक खाली सोडून कुणी वाट पाहत बसावे, तशी.

"म्हणत होते," आत्या म्हणाली. "वाटत नव्हतं."

सुतळीने आपला चमचा बशीत नीट सरळ ठेवला, खुर्ची मागे सारली आणि ती खोलीतून निघून गेली. दार तिने आपटले नाही. आपटले असते तर बरे झाले असते.

"पाच वर्षं, ताई?" धाकट्याचा आवाज चढला. "पाच वर्षं तू माझ्या मुलीबरोबर गुडघे टेकून मी येऊ नये म्हणून..."

"तू बुडावंस असं कधी मागितलं नाही," आत्या म्हणाली. "खुशाल ठेव, पण तिकडेच ठेव, एवढंच. तू वर्षातून एकदा यायचास, खेळणी घेऊन. रात्री ती तुला मागायची आणि सकाळी डबा माझ्याकडे मागायची. मला वाटलं, डबा मागते तेवढं पुरे आहे मला. देव काही माझं ऐकत नव्हता म्हणा. ते मला कळतच होतं."

धाकटा उठायला लागला. त्याच्या बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही बसा. त्यांना जाऊ दे."

"मी बाप आहे तिचा."

"आहातच. सूप प्या."

*

कारखान्यात कुणी दिसत नव्हते. टबात पट्ट्या भिजत पडल्या होत्या. मध्ये अर्धी विणलेली खुर्ची उभी होती, आणि तिच्याखालून दोन बूट बाहेर आलेले होते.

आत्या वाकून बघणार होती, पण बघितले नाही. ती स्टुलावर बसली. उगीच बसवेना म्हणून तिने टबातली एक पट्टी घेतली, बोटांनी निपटली आणि टोक भोकातून खाली सोडले. ते खाली तसेच लोंबकळत राहिले. मग कुणीतरी ते धरले. शेजारच्या भोकातून ते वर आले. तिने ओढून घेतले.

"तू काय मागायचीस?" खालून आवाज आला.

"ते जे आत्ता टेबलापाशी सांगितलं तेच."

"मी ऐकलं. मी दाराशीच होते." थोडे थांबून, "म्हणजे देवाकडे आपल्या दोघींचं भांडण चाललं होतं."

"हो."

"आणि मी जिंकले."

"हो गं."

पट्टीचे आणखी एक टोक वर आले. "मला जिंकल्यासारखं वाटत नाहीये. मला बाबा पाहिजे होते. पण मला वाटलं ते इथं येतील. कायमचं घरी म्हणजे इथं. मी नीट सांगितलंच नाही देवाला."

आत्याला हसू आणि रडू एकदमच आले. तिने दोन्ही गिळले. "त्याला ठाऊक असतं, आपल्याला काय म्हणायचंय ते."

"मग तुझं पण ठाऊक होतं."

"माझं तर होतंच."

"रागावला असेल तुझ्यावर?"

आत्याने विचार केला. मुलांना काहीही सांगून गप्प करता येते, पण ते पुढे आयुष्यभर त्यांच्याजवळ राहते, म्हणून ती सावकाश बोलली. "नाही वाटत मला. रोज जायचे ना मी त्याच्याकडे. वाकडं मागायला का होईना, जायचे. आपल्याकडे एखादा रोज तीच मोडकी खुर्ची घेऊन आला, तर आजोबा काय करतील?"

"शिव्या देतील."

"आणि मग?"

"बस म्हणतील."

"तसंच काहीतरी."

मग बूट जरा आत सरकले. "आत्या, आता तुझी प्रार्थना कर ना. खरी. मी कधीच ऐकली नाही."

आत्याने हात चौकटीवर ठेवले. इतरांसाठी मागायचे शब्द तिच्याकडे भरपूर होते, आजारी शेजाऱ्यांसाठी, प्रवासाला निघालेल्यांसाठी. स्वतःसाठी मोठ्याने मागायची वेळ आली आणि ती शाळेच्या पहिल्या दिवशी मूल अडखळते तशी अडखळली.

"देवबापा," ती म्हणाली. "ही जाणार. परीक्षा होईपर्यंत ठेवा असं म्हणताहेत, पण ती राहिली तर मी रोज तिला थोडी थोडी अडवीन, मला मी माहीत आहे. म्हणून आजच जाऊ दे. आणि मला... मला ते नीट करू दे. तिनं मागं वळून बघितलं तर माझं तोंड बरं असू दे. आणि उद्या सकाळी मी डबा भरायला उठेन, तेव्हा तू तिथं अस. एवढंच. बाकी मला भीती वाटते."

ती थांबली. नेहमीसारखी.

"आमेन," खुर्चीच्या खालून आवाज आला. घाईत नाही, उशिरानेही नाही.

आत्याने डोळे पुसले. हात ओलेच होते, त्यामुळे काही फरक पडला नाही.

"मला वाटलं म्हणून म्हटलं हं," सुतळी म्हणाली. "सगळं नाही वाटलं. आजच जाऊ दे, ते अर्धंच वाटलं. पण बाकीचं पूर्ण."

"चालेल."

"मी गेल्यावर कोण म्हणेल तुला?"

"देव आमेनशिवायही ऐकतो गं."

"ते त्याचं झालं. तुझं काय?"

सुतळी चौकटीखालून बाहेर आली. केसात वेताची कुसळे, गुडघे मळलेले. तिने आत्याकडे पाहिले नाही. कपाळावर ती उभी रेघ घेऊन ती तडक जेवणाच्या खोलीकडे निघाली. आत्या तिच्या मागोमाग.

*

टेबलापाशी सगळ्यांचे सूप गार झाले होते. धाकटा सूप न पिता ढवळत होता. सुतळी आली तसा तो उठून उभा राहिला, पण ती त्याच्याजवळून पुढे गेली. जाताना तिने त्याच्या बाहीला हात लावला, आलेच हं, अशा अर्थाचा. मग ती आजोबांच्या कानाशी जाऊन ओरडली, "आजोबा, मी आज बाबांबरोबर जाणार आहे."

"माहीत आहे," आजोबा म्हणाले. "बॅग दिसली मला. बहिरा आहे, आंधळा नाही."

"मी गेल्यावर आत्याच्या प्रार्थनेला तुम्ही आमेन म्हणायचं."

"काय?"

"आमेन."

"नाही बुवा. मला जमत नाही."

"का?"

आजोबांनी टेबलावर सांडलेले पावाचे कण बोटाने गोळा केले. "ऐकू येत नाही. मी मध्येच म्हणतो. मागे एकदा म्हटलं होतं, दादाच्या प्रार्थनेत."

"तो म्हणत होता, देवा, आम्ही मूर्ख आहोत," वहिनी म्हणाली. "आणि तुम्ही ठणकावून आमेन म्हणालात."

"सगळे हसले," आजोबा म्हणाले. वहिनीच्या बोलण्याचा त्यांना पत्ता नव्हता, ते आपलेच पुढे सांगत होते. "म्हातारी नुकती गेली होती. मला वाटलं, तिनं तरी कोपर मारलं असतं मला, अजून नाही म्हणून. मग सोडून दिलं."

वहिनी तेव्हा सगळ्यात आधी हसली होती. ती खाली पावाकडे बघायला लागली. बायकोच्या दुःखाने आजोबा देवावर रुसलेत, असे दादाने आजवर कितीतरी जणांना सांगितले होते. तोही आता आपल्या बशीकडे बघायला लागला. आत्या दारात उभी होती. एकाच छपराखाली आपल्या खोलीत आपण आमेनची वाट बघतो, आणि भिंतीपलीकडे कुणीतरी तेच गिळून बसलेले असते, हे तिला कधी सुचलेही नव्हते. रोज त्यांना सूप वाढत होती ती.

सुतळीने विचार केला. मग आत्याला हाताला धरून आणून आजोबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवले. आजोबांचा जाड, चिरा पडलेला तळवा टेबलावर उताणा ठेवला आणि त्यात आत्याचा हात.

"संपलं की आत्या हात दाबेल," ती कानाशी ओरडली. "दाबला की म्हणायचं."

"न ऐकताच?"

"आत्याचंच आहे ना पण."

आजोबांनी आपल्या मुलीकडे बघितले. बराच वेळ. "तिचं असेल तर चालेल," ते म्हणाले.

"एकदा करून बघू. आत्या, माग काहीतरी. छोटं."

"काय मागू?"

"मीठ माग," वहिनी म्हणाली. तिचा आवाज जरा जाड झाला होता. "सूप अळणी आहे."

आत्याने डोळे मिटले. तिने काय मागितले ते कुणाला ऐकू गेले नाही, फक्त ओठ हलताना दिसले. दादाने न सांगता मान खाली घातली. धाकट्यानेही, आणि चष्म्यांच्या दुकानातल्या त्या बाईनेही.

"आमेन!" आजोबा इतक्या मोठ्याने म्हणाले की पेले थरथरले.

"आजोबा, तिनं अजून दाबला नव्हता," सुतळी म्हणाली. तिने त्यांचा तळवा परत सरळ केला, आत्याचा हात त्यात नीट बसवला, वर आपला हात ठेवला, आणि बस यायच्या आधी त्यांच्याकडून ते पुन्हा एकदा करून घेतले.